सुटका झाली, पुढे काय?
(तुरुंगातून परतलेल्या कलावंतांना आधार : एक अभ्यास)

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपण सर्व जाणतोच. परंतु त्या मुक्तीच्या कायद्यात एक फट राहून गेली होती, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. १८६५ सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीने तेथील गुलामगिरी बंद केली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल, असा अपवाद त्याच कलमात ठेवला. आज त्या देशात १८ लाखांच्या आसपास माणसे तुरुंगात आहेत आणि त्यांत काळ्या बांधवांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक आहे. या तुरुंगांतून बाहेर पडलेल्या कलावंतांना तेथे कोणता आधार दिला जातो आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही बँकेत लिपिक आहोत. खाते उघडायला आलेल्या माणसाला आम्ही आधी पत्ता विचारतो, मग व्यवसाय. या दोन रकान्यांत ज्याला काहीच लिहिता येत नाही, त्याची मान कशी खाली जाते हे आम्ही काउंटरच्या आतून पाहिले आहे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे नेमके हेच दोन रकाने कोरे असतात.

रेसिडेन्सी म्हणजे काय?

कलावंताला ठरावीक मुदतीसाठी काम करण्यास जागा, साहित्य, मानधन आणि जाणकारांचा सहवास देणे, याला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात. कोठे राहण्याचीही सोय असते, कोठे नसते. कलावंत सामान्यतः असा काळ निवांतपणासाठी मागतो. सुटून आलेल्याला मात्र त्यातून पत्ता मिळतो, व्यवसाय मिळतो आणि 'माजी कैदी' याऐवजी 'चित्रकार' असे नाव मिळते.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराचे उदाहरण घेऊ. तेथे १९८४ साली जेन गोल्डन या बाईंनी भिंती रंगवून खराब करणाऱ्या मुलांच्याच हाती ब्रश दिला. त्यातून 'म्युरल आर्ट्स' हा भित्तिचित्रांचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. पुढे हे काम तुरुंगातही गेले. कैद्याला शहरातील भिंतीजवळ येता येत नाही, म्हणून तो पॅराशूटसारख्या पातळ कापडावर आपला भाग रंगवतो आणि ते कापड बाहेर नेऊन भिंतीवर चिकटवतात. चित्र बाहेर जाते, चित्रकार आत राहतो.

जेसी क्राइम्स हे कलेचे पदवीधर. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात त्यांना शिक्षा झाली. तुरुंगात रंग नव्हते. त्यांनी केसांना लावायची जेल आणि चमचा घेऊन वर्तमानपत्रातील चित्रे पलंगाच्या चादरींवर उतरवली. अशा ३९ चादरी त्यांनी एकेक करून टपालाने बाहेर पाठवल्या. संपूर्ण चित्र त्यांना सुटल्यावरच एकत्र पाहता आले. सुटताना हातात पडलेल्या डेबिट कार्डावर एका मोठ्या बँकेने भरमसाट शुल्क लावले, म्हणून इतरांसह त्यांनी दावा केला आणि तडजोडीत बँकेला पैसे मोजावे लागले. बँकेतील माणूस म्हणून हे वाचताना आम्ही ओशाळलो.

याच क्राइम्स यांनी २०१७ साली रसेल क्रेग या कलावंतासोबत 'राइट ऑफ रिटर्न' ही शिष्यवृत्ती सुरू केली. क्रेगही तुरुंगवास भोगलेले. आपल्या खटल्याच्या कागदांवर त्यांनी स्वतःचे चित्र काढले आहे. निवडक कलावंतांना प्रत्येकी २०,००० डॉलर त्यांनी मिळवून दिले. देणारेही सुटून आलेलेच, हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. येथे उपकाराची भाषा राहत नाही.

पीडितांचे काय?

काही वाचक विचारतील, ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर जेम्स हफ यांच्या कामात सापडते. त्यांना १७ व्या वर्षी केलेल्या गुन्ह्यासाठी जन्मठेप झाली होती. अल्पवयीनांच्या जन्मठेपेविषयी सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय झाल्यानंतर, २७ वर्षांनी म्हणजे २०१९ साली ते सुटले. आत असताना ते तुरुंगातील छापील फॉर्मच्या मागील बाजूस चित्रे काढीत. २०२० साली फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलाच्या कचेरीने त्यांनाच निवासी कलावंत म्हणून नेमले. आरोपींना शिक्षा मागणे हेच जिचे काम, अशा कचेरीत मानधनावर काम! तेथे त्यांनी वकील, गुन्ह्याची झळ बसलेली माणसे आणि शिक्षा भोगून आलेली माणसे यांना बोलते केले. पीडित आणि अपराधी यांना जेथे एकमेकांचे ऐकता येते, तेथे कोणाचेही दुःख विसरावे लागत नाही.

पैसा कोठून आला?

अॅग्नेस गुंड या संग्राहक बाईंनी लिक्टेन्स्टाइन यांचे एक चित्र विकून १० कोटी डॉलरचा 'आर्ट फॉर जस्टिस' निधी २०१७ साली उभा केला. मदत मोठी होती, पण मुदतीची; २०२३ साली तो निधी बंद झाला. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल खर्चून केलेले काम मुद्दलाबरोबर संपते. लहान का होईना, कायम ठेव हवी. तिच्या व्याजावर दरवर्षी एकाला तरी उभे करता येईल.

आपल्या वस्तीतही सुटून आलेला एखादा ढोलकीपटू, गायक, बोर्ड रंगवणारा पेंटर असतो. त्याला मोठी संस्था लागत नाही. सभागृहाची रिकामी खोली, तीन महिन्यांचे मानधन, जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नाव आणि एक पत्ता, एवढ्याने आरंभ होतो. फाटक उघडले म्हणजे सुटका पुरी झाली, असे नव्हे. समाजाने दार उघडले, तरच ती पुरी होते. ते दार आपल्या हाती आहे. मंडळाच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.