टपावरचे दिवे : स्विच बंद ठेवला की चालतात का?

प्रश्न : मी साकोली तालुक्यात राहतो. धानाच्या बांध्या नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहेत. नुकतीच फोर बाय फोर गाडी घेतली. रात्री जागलीला पांदण रस्त्यानं जावं लागतं आणि रानडुकरं कधी आडवी येतील याचा नेम नसतो. टपावरच्या कॅरिअरला चार एलईडी दिवे लावायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, वेगळा स्विच ठेवा, वर कव्हर घाला, हायवेवर बंद ठेवा, कोणी काही म्हणणार नाही. मित्र म्हणतो, गाडीच जप्त होते. खरं काय? कायदेशीर मार्ग असेल तर सांगा.
– एक वाचक, साकोली

उत्तर : दुकानदार आणि मित्र, दोघांचंही ऐकू नका.

दुकानदाराचं आधी बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ जेमतेम दोन ओळींचा आहे. वाहनाच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायचा नाही. अपवादात्मक परिस्थितीत बसवायचाच असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यायची. दिवा पेटवला की नाही, हे हा नियम विचारतच नाही. त्यामुळे वेगळा स्विच आणि कव्हर यांनी समोरच्या ड्रायव्हरचे डोळे वाचतील, तुमची पावती वाचणार नाही. परदेशातल्या ऑफ-रोडिंगच्या व्हिडिओंत कव्हर घातलेल्या गाड्या खुशाल रस्त्यावर धावताना दिसतात. तिथले नियम तिथे.

यावर दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं : ‘साहेब, हा स्पॉट नाही, फ्लड आहे.’ त्यानंही सुटका होत नाही. गाडीवर कोणते दिवे किती आणि कुठे असावेत, हे एआयएस-००८ या मानकात ठरलेलं आहे. त्यात अप्परचे दिवे दोन किंवा चार असू शकतात. पण हे आकडे कंपनीनं मॉडेलची मंजुरी घेतानाचे आहेत, तुम्ही आणि मेकॅनिकनं नंतर भर घालण्यासाठीचे नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ या संदर्भात नेहमी पुढे केलं जातं. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका घेतली. मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला बदल, असं म्हटलं आहे. चार दिव्यांनी गाडीचं मूळ स्वरूप बदलतं का, यावर वकील वाद घालू शकतो, आणि माझ्या मते त्या वादात दम आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२अ (४) त्याला फार वाव देत नाही. कायद्यानं किंवा नियमांनी परवानगी नसलेला सुटा भाग मालकानं नंतर बसवला, तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं ते कलम आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द चार दिव्यांच्या संदर्भात नीट वाचा. शिवाय सुरक्षेच्या मानकात न बसणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली म्हणून कलम १९० (२) लागू शकतं. त्यात पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्सला मुकावं लागतं.

हे सगळं कागदावरच राहतं असं समजू नका. २०२२ मध्ये श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयानं एका थारच्या मालकाला अशाच फेरफारांसाठी सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. पुढे चांगल्या वर्तणुकीच्या दोन लाखांच्या बंधपत्रावर त्याला सोडलं आणि गाडी मूळ रूपात आणायला लावली. त्या गाडीवर सायरन, मोठे टायर असा बराच सरंजाम होता, हेही खरं.

आता मित्राचं म्हणणं. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम २०७ हे मुख्यतः विनानोंदणी, विनालायसन्स आणि विनापरमिट गाड्यांसाठी आहे. नुसत्या दिव्यांसाठी गाडी जप्त होईल, ही भीती अनाठायी आहे. खरी भीती कलम ५३ ची. गाडी नियमात बसत नसेल तर नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून, आरसी निलंबित करता येते. निलंबित आरसीची गाडी बाहेर काढली की मग मित्र म्हणतो तेही होईल.

‘मी हायवेवर नेतच नाही, पांदणीनंच जातो’ हा बचावही कच्चा आहे. जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा कायद्यानं सार्वजनिक, मग डांबर असो की चिखल. गावनकाशावरचा पांदण रस्ता त्यात येतो. आणि घरून पांदणीपर्यंत गाडी उडत तर जात नसेल.

कायदा बाजूला ठेवला तरी टप ही दिव्याची चुकीची जागा आहे. नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत दिव्यापासून आठ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवता कामा नये. झोत तरी कायम खाली वळलेला हवा, नाहीतर ड्रायव्हरला तो खाली करता आला पाहिजे. हेडलाइट मुळातच दीड मीटरच्या खाली असतात. तुमचा टप असेल साधारण १.८ मीटरवर. तिथून निघालेला झोत आठ मीटरमध्ये ३० सेंटिमीटर खाली आणायचा, तर तो पुढे ४८ मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ८० किलोमीटर वेगात हे अंतर दोन सेकंदांत संपतं. म्हणजे न दिपवणारा टपावरचा दिवा लांबचं दाखवत नाही, आणि लांबचं दाखवणारा दिवा देवरीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला आंधळा करतो. त्यातून झोताचा एक पट्टा तुमच्याच बोनेटवर पडून काचेत परत येतो. वैनगंगेच्या खोऱ्यात थंडीत धुकं उतरतं, मळणीच्या दिवसांत धूळ उडते; अशा वेळी वरच्या दिव्यानं समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली देतात ते याचसाठी.

मग करायचं काय? पहिला मार्ग परवानगीचा. भंडाऱ्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात साधा लेखी अर्ज द्या. सोबत आरसी आणि विम्याची प्रत, दिव्याचा प्रकार, वॉट, बसवायची जागा आणि कारण लिहा. पोच घ्या. उत्तर येईपर्यंत दिवे बसवू नका, कारण नियमाला पूर्वपरवानगी हवी आहे. खासगी गाडीला, शेतीच्या जागलीसाठी, ‘अपवादात्मक परिस्थिती’ मान्य होईल असं मला वाटत नाही. बचावकार्य किंवा शासकीय कामाच्या गाडीची गोष्ट वेगळी.

दुसरा मार्ग कमी मिरवण्याचा, पण रोज उपयोगी पडणारा. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून पॉलिश करून घ्या. लेव्हलिंगची खटकी शून्यावर आहे का बघा; मागे धानाची पोती असली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो, तेव्हा ती फिरवायची असते. गाडीला साठ-पंचावन्न वॉटचा एच-४ बल्ब असेल तर तोच, मानकाचा शिक्का असलेला घ्या. शंभर-नव्वदचा नको, आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब तर नकोच. उजेड फुटतो, झोत बनत नाही. तुमच्या मॉडेलला कंपनीचे फॉग लॅम्प मिळत असतील तर ते अधिकृत वर्कशॉपमध्ये, बंपरमधल्या त्यांच्याच जागी बसवून घ्या आणि बिल गाडीत ठेवा.

शेतात उजेड हवा असेल तर सुटा वर्क लॅम्प घ्या. गाडी धुऱ्याशी उभी केली की बारा व्होल्टच्या सॉकेटला लावायचा, निघताना काढून आत टाकायचा. तो गाडीला ‘बसवलेला’ नाही.

तुमचं शेत नागझिऱ्याला लागून आहे म्हणून एक सांगणं भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंही धरलेलं आहे. दिव्याचा झोत टाकून गाडीनं डुकरामागे लागलात आणि वनरक्षकानं पाहिलं, तर विषय आरटीओचा राहणार नाही.

प्रश्न : बोलेरोच्या टपावर आधीच दिवे आहेत. विमा कंपनीला सांगून जादा प्रीमियम भरला तर ते कायदेशीर होतात का?
– एक वाचक, तुमसर

उत्तर : नाही. नंतर बसवलेल्या विजेच्या वस्तूंसाठी पॉलिसीत आयएमटी-२४ ही तरतूद आहे. वस्तूच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता घेऊन विमा कंपनी त्या वस्तूचं संरक्षण देते. विमा कंपनीनं पैसे घेतले म्हणजे आरटीओनं परवानगी दिली असं होत नाही. उलट न सांगता बसवलेल्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटली, तर तुमच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात सर्वेअर पहिलं बोट तिथेच ठेवेल. मूळ लूम कापून जोड मारला असेल तर वायरिंगच्या वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं. दिवे उतरवा आणि जोड अधिकृत वर्कशॉपमध्ये नीट करून घ्या.

प्रश्न : जुनी एमएच-३६ जीप घेतो आहे. टपावर लाइट बार आहे. मी तो बसवलेला नाही, मग जबाबदारी कोणाची?
– एक वाचक, पवनी

उत्तर : बदल करणाऱ्या मालकावरचं कलम आधीच्या मालकाकडे बोट दाखवतं, पण सदोष गाडी रस्त्यावर चालवल्याचं कलम चालवणाऱ्याला धरतं, आणि चौकात अडवले जाल ते तुम्ही. व्यवहार ठरवताना विकणाऱ्यालाच बार काढून द्यायला सांगा, टपाला पाडलेली भोकं बुजवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गळेल. मग ट्रान्सफरचे कागद करा. जीप पिवळ्या पाटीची असेल तर फिटनेसच्या वेळी बार उतरवावाच लागेल. तेव्हा त्याचे वेगळे पैसे विकणाऱ्याला देऊ नका.