सिस्टर, त्या घरात कोण कोण असतं?

हॉस्पिटलातून घरी सोडलेल्या पेशंटबरोबर एक सिस्टरही घरी जाते, हे आता खेडमध्ये कुणाला नवं राहिलेलं नाही. पूर्वी अर्धांगाचा पेशंट म्हटला की सून, लेक आणि शेजारच्या दोन काकी एवढ्यांत भागायचं. आता सून विरारला आणि लेक पनवेलला. २०११च्या जनगणनेत आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१पेक्षा कमी भरली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. कमावती माणसं मुंबईला, म्हातारी माणसं वाडीत. मग नाकातली नळी, लघवीची पिशवी, पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग, रात्रीचं सक्शन हे सगळं करायला नर्सिंग ब्युरोतून सिस्टर येते. त्या सिस्टरांपैकी मी एक. नर्सिंगचं जीएनएम करून काही वर्षं वॉर्डात काढली, मग होम केअरला आले, आणि करोनानंतर या कामात येणाऱ्या मुलींना ऑनलाइन शिकवतेही.

वॉर्डात इनचार्ज असते, मावशी असतात, पलीकडच्या कॉटचे नातेवाईक असतात. म्हणून वॉर्ड सुरक्षित असतो असं कुणी समजू नये. केईएमसारख्या रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबागवर हल्ला झाला आणि पुढची ४२ वर्षं तिच्या सहकारी परिचारिकांनीच तिला सांभाळलं. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यात एक डॉक्टर मुलगी ड्युटीवरच मारली गेली. तरी वॉर्डात हाक मारली तर ऐकायला कुणीतरी असतं. घरी तुम्ही, पेशंट आणि ते घर. वाडीतलं घर म्हणजे चारी बाजूंनी कलमं, पुढचं घर हाकेच्या पलीकडे, आणि शेवटची एसटी संध्याकाळीच गेलेली.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. गावाचं नाव सांगत नाही, ब्युरोचंही नाही.

रात्रीची ड्युटी होती. वृद्ध गृहस्थ, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद, नळीवाटे फीड. ब्युरोने सांगितलं, ‘साधी केस आहे, घरात मुलगा असतो.’ मुलगा होता. पहिल्या रात्री तो उशिरापर्यंत पेशंटच्या खोलीत खुर्ची टाकून बसला. वडिलांची काळजी असेल, असं कुणालाही वाटेल. दुसऱ्या रात्री तो पिऊन आला, माझ्या घरच्यांची चौकशी करू लागला, नवरा काय करतो, रात्रीचं कसं काय सोडतो वगैरे. मग उठून त्याने पडवीच्या दाराला आतून कुलूप घातलं. ‘कुत्री येतात,’ म्हणाला. किल्ली खिशात टाकली.

मी ब्युरोला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘सिस्टर, जरा ॲडजस्ट करा, सकाळी बघू. तुम्ही पेशंटकडे लक्ष द्या.’

हे शेवटचं वाक्य होम केअरमधल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी ऐकलेलं असतं. आणि ते लागतं, कारण पेशंटकडे आपलं लक्ष असतंच. मागच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. मला निघता आलं असतं. पण अकराचं फीड राहिलं होतं, घशात कफ घरघरत होता, आणि मी गेल्यावर त्या म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कोण वळवणार होतं? बाहेरच्यांना वाटतं सिस्टर दाराच्या कुलपामुळे अडकते. खरं तर ती पेशंटच्या कॉटला बांधलेली असते, आणि त्रास देणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकी पेशंटला बघायला आल्या होत्या. ‘काही लागलं तर सांग गो,’ म्हणत त्यांनी नंबर दिला होता. त्यांना फोन केला, एवढंच म्हणाले, ‘काकी, बाबांना वळवायला माणूस हवं, या.’ काकी आपल्या जावेला घेऊन मागच्या दाराने आल्या आणि पहाटेपर्यंत तिथेच बसल्या. मुलगा बाहेर ओटीवर जाऊन झोपला. सकाळी पेशंटच्या बहिणीला बोलावून घेतलं, नळी कशी धरायची ते तिला दाखवलं, रात्रीचा सगळा प्रकार वेळ घालून केसच्या वहीत लिहिला, वहीच्या पानाचा फोटो काढला आणि पहिल्या एसटीने खेडला आले. ब्युरोने ‘ड्युटी अर्धवट सोडली’ म्हणून पैसे कापले. नंतर कळलं, माझ्याआधी त्या घरातून दोन सिस्टर निघून गेल्या होत्या. ब्युरोला कारण माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्यात मुलाच्या दारूपेक्षा मला ते न सांगणं जास्त गंभीर वाटतं. दारू प्यायलेला माणूस कुठल्याही घरात भेटू शकतो. पण माहिती असून रिकाम्या हाताने पाठवणं हा धंद्याचा निर्णय असतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ऑक्टोबर २०२३मध्ये जॉइस ग्रेसन ही ज्येष्ठ नर्स एका पेशंटला औषध द्यायला त्याच्या राहत्या जागी गेली आणि तिथेच तिचा खून झाला. त्या माणसावर आधीच गंभीर गुन्हा सिद्ध झालेला होता. पुढच्या वर्षी त्या राज्याने कायदाच केला, की घरी नर्स पाठवणाऱ्या संस्थेने पेशंटचा आणि घराचा हिंसेचा पूर्वेतिहास विचारून घ्यायचा आणि जाणाऱ्या नर्सला सांगायचा. आपल्याकडे असा कायदा येईपर्यंत हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.

म्हणून मी मुलींना सांगते, केस घेताना पहिला प्रश्न आजाराचा विचारू नका. घरात कोण कोण असतं, रात्री कोण असतं, कुणी पितं का, कुत्रं बांधलेलं असतं का, आणि आधीची सिस्टर का गेली, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ब्युरोवाला अडखळला तर आधीच्या सिस्टरचा नंबर मागा. आपल्याकडे नर्सेस एकमेकींना ओळखतात. चिपळूण, दापोली, खेड म्हणजे काही फार मोठं जग नाही. रात्रीची ड्युटी असली तरी पहिली भेट दिवसा उजेडी करा. दारं किती, कुठलं कुठे उघडतं, मोबाइलला रेंज ओटीवर येते की फक्त विहिरीपाशी, हे त्याच वेळी बघून घ्या. सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या वाड्यांत रेंजवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे शेजारीण हीच रेंज. तिला भेटल्याशिवाय ड्युटी सुरू करू नका. माझ्या वेळी काकी आपणहून आल्या होत्या, तो नशिबाचा भाग. आता मीच खळ्यात जाऊन नंबर मागते.

घरातून निघताना आणि पोचल्यावर एका ठरलेल्या माणसाला कळवायचं, आणि कळवलं नाही तर त्या माणसाने काय करायचं हेही ठरवून ठेवायचं. नुसतं ‘पोचले’ असा मेसेज टाकून उपयोग नसतो. न आलेल्या मेसेजची दखल घेणारं कुणी पाहिजे. संकटात बोलता येत नाही, म्हणून एक वाक्य ठरवा. आमचं आहे, ‘बीपीचं मशीन बंद पडलंय, दुसरं पाठवा.’ हे वाक्य ऐकलं की ऐकणारीने प्रश्न विचारायचा नाही, ११२ला फोन करून पत्ता सांगायचा. पत्ता मात्र आधीच लिहून दिलेला हवा. वाडीचं नाव, कोंड, जवळचं देऊळ किंवा शाळा, घरमालकाचं घराणं. आपल्याकडची घरं नंबर पाहून कुणी शोधत नाही.

सगळाच त्रास माणसाच्या वाईटपणातून येत नाही. विसरभोळेपणाच्या आजारात म्हातारे पेशंट मारतात, चावतात, नको तिथे हात लावतात. त्यांच्यावर चिडून चालत नाही, पण सोसतही राहायचं नाही. आंघोळ घालताना, लंगोट बदलताना घरचं दुसरं माणूस हवंच अशी अट घाला आणि प्रत्येक प्रसंग वहीत लिहा. एकटीने वजनदार पेशंट उचलू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवायचं. आमच्यातल्या कितीतरी जणींची कंबर चाळिशीतच गेलेली असते, त्याची तक्रार कुठे नोंदली जात नाही. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा पिशवीत ठेवा. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. कावीळ-बीची तीन इंजेक्शनं कामाला लागण्याआधीच पुरी करा. पावसाळ्यात पायवाटेने जाताना बॅटरी आणि गमबूट, फुरशासारख्या सापांसाठी. आणि जगबुडी नदीचं पाणी चढायला लागलं तर खेडमध्ये परतायचा हट्ट नको, आहात तिथेच थांबा.

आता कायदा. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा अजामीनपात्र. नोंदणीकृत परिचारिका त्यात येतात, पण त्याची सगळी मांडणी रुग्णालय नावाच्या जागेभोवती आहे. घरी काम करणारीला जास्त उपयोगी पडतो तो २०१३चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणताना राहतं घर स्पष्टपणे धरलं आहे, आणि कामासाठी मालकाने दिलेल्या वाहनातला प्रवासही. हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं, मग त्याचं मूळ आठवलं. राजस्थानात भंवरीदेवी दारोदार फिरून गावातले बालविवाह थांबवायचं काम करायच्या. १९९२ साली त्यांच्यावर झालेल्या अत्याचारातून १९९७चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि त्यातून हा कायदा. ब्युरोत दहापेक्षा कमी माणसं असली, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुदत तीन महिने. दार लावून कोंडून ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस. हद्द कुणाची यावर वाद न घालता कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. वहीतली ती नोंद आणि तिचा फोटो इथे कामाला येतो.

हे सगळं मुलींना शिकवायचं कुठे? घरबसल्या नर्स व्हा, अशा जाहिराती फोनवर रोज येतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, हे आधी समजून घ्या. पण नोंदणी असलेल्या मुलींसाठी, किंवा मदतनीस म्हणून जाणाऱ्या मुलींसाठी, ऑनलाइन वर्ग चांगले असू शकतात. मी पाहिलेल्या बऱ्याच वर्गांत मात्र प्रेमळपणा शिकवतात: पेशंटच्या डोळ्यांत बघा, हात हातात घ्या, हसतमुख राहा. आणि शिकवणाऱ्या बाईंना वर्गातली मुलगी कुठे बसली आहे, याचा पत्ता नसतो. माझ्या वर्गात एक मुलगी कधीच कॅमेरा लावायची नाही, विचारलं तर चूप. नंतर समजलं, ती केसवर असतानाच, पेशंट झोपला की कानात वायर घालून वर्ग ऐकायची. तिला दुसरी निवांत जागाच नव्हती. करोनात कणकवलीकडच्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावरच्या झोपडीत बसून अभ्यास केला, तिचं आपण कौतुक केलं. कौतुक ठीक, पण डोंगरावर एकटीने बसून शिकायची वेळ तिच्यावर का यावी?

तेव्हापासून माझा वर्ग हजेरीने नाही, ‘कुठून बोलतेस आणि परत कशी जाणार’ या प्रश्नाने सुरू होतो. कॅमेऱ्याची सक्ती नाही. बोलता येत नसेल तिने लिहायचं. दोन वर्ग गप्प राहिली तिला मी वेगळा फोन करते. आणि दर वर्गात थोडा वेळ नाटक असतं: एक जण पिऊन आलेला मुलगा होते, दुसरीने म्हणायचं, ‘दादा, मला बाबांचे कपडे बदलायचेत, तुम्ही ओटीवर बसा.’ पहिल्यांदा हे म्हणताना मुली हसतात, आवाज बारीक करतात, ‘प्लीज’ लावतात. पाचव्या-सहाव्यांदा आवाज सरळ येतो. ‘मी आता निघते, ताईंना बोलावलंय,’ हे वाक्यही तोंडात बसवून घ्यावं लागतं, इंजेक्शनचा हात बसवतात तसं. ज्या मुलीची शिकताना कुणी विचारपूस केली, ती पेशंटचीही करते. हा माझा अनुभव आहे, पुस्तकातला सिद्धांत नाही.

ब्युरो चालवणाऱ्यांकडून फार मागणं नाही. रात्री फोन उचलणारं माणूस ठेवा, त्याला ‘ॲडजस्ट करा’ सोडून दुसरं काही बोलायचा अधिकार द्या, आणि घर सोडून आलेल्या सिस्टरचे पैसे कापण्याआधी वही वाचा.

आणि मुंबईकरांनो, विरार-डोंबिवलीत बसून गावच्या आई-बाबांसाठी सिस्टर ठरवता तेव्हा दर काय, हे विचारून झालं की आणखी थोडं बोला. घरात कोण राहतं ते खरं सांगा. भाऊ पितो तर पितो म्हणून सांगा, आम्ही दिवसाची ड्युटी घेऊ किंवा ब्रदर पाठवा म्हणू. शेजारच्या काकींना फोन करून सिस्टर येणार आहे म्हणून कळवा आणि त्यांचा नंबर तिला द्या. झोपायला आतून कडी असलेली खोली आणि घराची एक किल्ली तिच्या हातात राहील, एवढं बघा.