मृतसाठ्यावरील जिवंत पाठ : उजनीच्या पाणफुगवट्यात होडीतून पक्षिनिरीक्षण

धरणातील पाण्याचा हिशेब दोन भागांत मांडला जातो. कालव्यांद्वारे शेतीला देता येते ते पाणी म्हणजे उपयुक्त साठा आणि त्या पातळीखाली उरते तो मृतसाठा. भीमा नदीवरील उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याला आपण ‘मृत’ म्हणतो. उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रे भरतात. तथापि याच पाण्याच्या उथळ काठांवर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. शब्द आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता यावे, या हेतूने आम्ही भिगवण परिसरातील अर्ध्या दिवसाची जलसफर हा अभ्यासाचा एक पाठ मानतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो पाठ माजी विद्यार्थी, पालक व हितचिंतक यांच्यापुढे मांडीत आहोत.

हे पाणी आपलेच

पारगावच्या मुलांना भिगवण दूरचे वाटते. परंतु नकाशावर बोट ठेवून नदीच्या प्रवाहाबरोबर निघाले की अंतर मिटते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांवर पडणारा पाऊस मीना, कुकडी आणि घोड यांच्या पात्रांतून वाहतो. घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात विसावते. डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव या धरणांत अडून जे पाणी पुढे जाते, त्याचा एक वाटा रोहित पक्ष्यांच्या पायांखाली पोहोचतो. सहलीपूर्वीच्या तासाला आम्ही हा नकाशा फळ्यावर काढून घेतो. त्यानंतर भिगवण हे पर्यटनस्थळ उरत नाही. ते आपल्याच नदीचे पुढचे घर ठरते.

होडीत बसण्यापूर्वी

पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवणहून कुंभारगाव, डिकसळ अशा काठच्या गावांकडे वाटा जातात. तेथील मच्छीमार बांधव होड्या चालवतात आणि तेच मार्गदर्शकही असतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ योग्य. रोहित पाहायचे तर जानेवारीनंतरचे दिवस अधिक चांगले. आदल्या सायंकाळी मुक्कामाला पोहोचून सूर्योदयाच्या आधी काठावर असणे हितकारक, कारण सकाळी पाणी स्थिर असते आणि पक्षी चरण्यात गढलेले असतात. अकराच्या सुमारास ऊन चढते, वारा सुटतो आणि पाठ संपतो.

सामग्री थोडीच लागते : दुर्बीण, नोंदवही, पेन्सिल, पाण्याची बाटली, टोपी. कपडे मातकट रंगांचे असावेत. मात्र प्रत्येकाने तरंगजाकीट घातल्याखेरीज होडी सुटू नये आणि कोणीही होडीत उभे राहू नये, या दोन नियमांना अपवाद नाही. नोंदवहीत आम्ही पाच रकाने आखतो : वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि वर्तन. नाव ओळखता आले नाही तरी वर्तनाचा रकाना रिकामा राहता कामा नये, कारण नाव पुढे पुस्तकात सापडते. घडलेले पुन्हा सापडत नाही.

चोच आणि पाण्याची खोली

प्रारंभी मुलांना काठावर केवळ गर्दी दिसते. थोडा वेळ शांत पाहिले की त्या गर्दीतील व्यवस्था कळू लागते. ओल्या चिखलात तुतवार आखूड पावलांनी धावत किडे टिपतो. त्याच्या पुढे, वीतभर पाण्यात, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालतो. आणखी पुढे चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी व शिंपले शोधतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून मासा तिला लागण्याची वाट पाहतो. खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारतात, तर कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली झेपावतो. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटते.

अशा रीतीने एकाच काठावर, हाताच्या अंतराने, अनेक जाती आपापल्या पायांच्या उंचीप्रमाणे आणि चोचीच्या घडणीप्रमाणे वाटा वाटून घेतात. म्हणूनच पाण्याची पातळी हा येथील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पाणी हळूहळू ओसरत गेले तर दररोज नवा उथळ पट्टा उघडा पडतो आणि अन्न मिळत राहते. पाणी काठोकाठ राहिले तर उथळ जागाच उरत नाही. ते झपाट्याने उतरले तर चिखल वाळून जातो. मुलांना जलविज्ञानाचा हा धडा फळ्यापेक्षा शेकाट्याच्या पायांवरून लवकर समजतो.

रोहित, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात, या व्यवस्थेतील विलक्षण सभासद आहे. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक जाळीत सूक्ष्म जीव व शेवाळ अडकवतो. त्याचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. अन्नातील रंगद्रव्यांतून तो हळूहळू चढतो. म्हणून थव्यात करड्या रंगाचे काही पक्षी दिसले तर ती दुसरी जात नसून अल्पवयीन पिल्ले असतात. भारतात रोहितांची प्रमुख वीण कच्छच्या मोठ्या रणात होते.

‘तो एका पायावर का उभा राहतो?’ हा प्रश्न प्रत्येक तुकडीतील कोणी ना कोणी विचारतेच. दुसरा पाय पिसांत घेतल्याने शरीराची उष्णता कमी वाया जाते. शिवाय त्याच्या सांध्यांची रचना अशी आहे की त्या स्थितीत स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. आपल्याला जी तपश्चर्या वाटते, ती त्याची विश्रांती आहे.

सीमा न मानणारे पाहुणे

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस हा या जलाशयाचा मानाचा पाहुणा. त्याची वीण तिबेट, मंगोलिया अशा उंच प्रदेशांत होते आणि हिवाळ्यात तो हिमालय ओलांडून दख्खनवर येतो. मागोवा घेणारी यंत्रे लावून केलेल्या अभ्यासांत या पक्ष्याची ७,००० मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाणे नोंदली गेली आहेत. थापट्या, भुवई बदक, चक्रवाक हेही उत्तरेकडून येतात. या पक्ष्यांना भीमेचा काठ आणि तिबेटमधील सरोवर ही दोन्ही घरे सारखीच आवश्यक असतात. एक मोडले तर दुसरे असून भागत नाही.

जगाने हे ओळखून २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयी करार केला. त्या कराराच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळीही येतात. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळालेले नांदूर मधमेश्वर हेही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच घडले आहे. त्यामुळे ‘धरण म्हणजे निसर्ग नव्हे’ असे म्हणून उजनीच्या काठांची जबाबदारी झटकता येणार नाही.

नावाडी हाच आचार्य

पुस्तक न उघडता केवळ उडण्याच्या ढबीवरून पक्षी ओळखणारा नावाडी पाहिला की ज्ञानाविषयीच्या आपल्या कल्पना तपासाव्या लागतात. कोठे गाळ आहे, कोठे जुनी बाभळीची खोडे पाण्याखाली आहेत, कोणत्या वाऱ्यात थवा कोणत्या बाजूस सरकतो, हे सारे त्याने जाळे टाकता टाकता आत्मसात केलेले असते. या काठांवरील अनेक कुटुंबांच्या जमिनी व घरे धरणाखाली गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी बरेच ओसरले की अजूनही वर डोकावते. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाल्याची आठवण आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आहे. म्हणून ही कथा आपल्या मुलांना परकी वाटत नाही. ज्या पाण्याने गाव नेले, त्याच पाण्यावर पुढच्या पिढीने मासेमारी उभी केली आणि आता पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचा व्यवसाय उभा केला, ही गोष्ट आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.

असेच उदाहरण आफ्रिकेतही आहे. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मबांबा नावाची दलदल आहे. २००६ पासून ती रामसर स्थळ आहे. तेथे बुटासारख्या प्रचंड चोचीचा, करड्या रंगाचा ‘शूबिल’ पक्षी राहतो. तो दिसला की त्या दिवशी मासे मिळत नाहीत, असा कोळ्यांचा समज होता व त्यापायी पक्षी मारले जात. आज तेच कोळी अरुंद लाकडी होड्यांतून पाहुण्यांना तो पक्षी दाखवतात. समजूत बदलली, कारण पक्षी जिवंत राहण्यात घराचा चरितार्थ गुंतला.

अंतर राखण्याची विद्या

मात्र चरितार्थ गुंतला की मोहही येतो. उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून होडी थेट थव्यात घालण्याचा आग्रह काही पाहुणे धरतात आणि नावाड्याला नाही म्हणणे कठीण जाते. हजारो कोसांचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याने शरीरात साठवलेली चरबी हीच त्याची परतीची शिदोरी असते. प्रत्येक नाहक उड्डाण त्या शिदोरीतून खर्च होते. यासाठी आम्ही मुलांना एक खूण शिकवतो. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की होडी थांबवायची. ते चालू लागले की मागे घ्यायची. होडीत बसतानाच नावाड्याला नम्रपणे सांगायचे, ‘दादा, पक्षी उडवू नका, आम्ही लांबूनच पाहू.’ ग्राहकाने हे सांगितले की त्याचे काम सोपे होते.

थवा मोजण्याचीही रीत आहे. आधी दहा पक्षी नेमके मोजावेत, दहांचा समूह डोळ्यांत ठसवावा आणि असे किती समूह मावतात ते पाहावे. दोघांनी स्वतंत्र मोजून मगच आकडे ताडावेत. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते; स्वयंसेवक तीत याच साध्या पद्धतीचा आधार घेतात.

पाठ घरी नेताना

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व पुढे उजनीत येते, हे सर्वज्ञात आहे. काही ठिकाणी पाण्याचा हिरवा रंग आणि वास मुलांच्याही ध्यानात येतो. त्या वेळी बोट शहराकडे दाखवणे सोपे असते. परंतु आपल्या शेतातून वाहून जाणारे खत, ओढ्यात धुतलेला औषधफवारणीचा पंप, यात्रेनंतर नदीत सोडलेले प्लास्टिक, हेही त्याच वाटेने त्याच पाण्यात पोहोचते. वर राहणाऱ्याने खाली राहणाऱ्याचा विचार करावा, ही नदीकाठची जुनी सभ्यता आहे.

मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिनांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात आपल्या गावचा पाझरतलाव, बंधारा किंवा नदीचा डोह निवडावा. एका सकाळी तासभर तेथे मुलांसह बसावे आणि पाच रकान्यांची नोंद करावी. दरवर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात ती केली, तर पाच वर्षांत गावाकडे स्वतःच्या पाण्याचा विश्वासार्ह इतिहास तयार होईल. त्यासाठी होडी लागत नाही, खर्चही येत नाही. एक वही आणि थोडे मौन पुरेसे आहे.