शेक देण्याआधीचा प्रश्न

बारावीनंतर फिजिओथेरपीला घालू का, असं विचारणारे पालक फी आणि कमाई हमखास विचारतात. अंगावर येणाऱ्या कायदेशीर जबाबदारीचं क्वचितच कुणी काढतं. नाशिकच्या सातपूरमध्ये तरी तो विषय आधी निघायला हवा. एमआयडीसीत प्रेसवर बोटं चिरडलेला, वजनं उचलून कंबर धरलेला कामगार फिजिओकडे येतो, तेव्हा त्याची रोजी त्या उपचारावर टांगलेली असते.

साधा शेक घ्या. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर पेशंटला चटका कळतच नाही, घरी गेल्यावर फोड दिसतो. म्हणून आधी डोळे मिटायला सांगून गरम-गार पाण्याच्या नळ्या लावायच्या आणि विचारायचं, गरम लागतंय की गार? काम दोन-चार मिनिटांचं. पण ते केसपेपरवर लिहिलेलं नसेल तर ग्राहक आयोगापुढे सिद्ध करणं अवघड जातं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पेसमेकर आहे का, हे न विचारता मशीनचा करंट लावणं तर जिवावर बेतू शकतं.

पदवी हातात आली की लगेच पाटी लावता येत नाही. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानुसार राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्टला स्वतंत्र प्रॅक्टिसची मुभा दिली. माझ्या मते त्यामुळे जोखीमही त्याच्याच माथी आली. कंबरदुखीच्या पेशंटचा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून त्याला तातडीने सर्जनकडे धाडायचं, हे त्यालाच ओळखावं लागतं.

मोहाचे प्रसंगही येतात. पाच सिटिंगमध्ये बरा होणाऱ्याला पंधरा सांगणं. नुकसानभरपाईसाठी अपंगत्व फुगवून लिहिणं. कंपनीतून सुपरवायझर फोन करतो, ‘खरंच दुखतंय का त्याला?’ अशा वेळी पेशंटच्या संमतीशिवाय काही सांगायचं नाही, ओळखीचा माणूस असला तरी. हे ठामपणे म्हणता येईल अशा मुलामुलींनीच इकडे यावं, असं मला मनापासून वाटतं.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, तेव्हा कॉलेजची संलग्नता पडताळणं जड नाही. नंतर तिथल्या इंटर्नना गाठा. अंगाला हात लावण्याआधी पेशंटला काय सांगायला शिकवलं, पडदा ओढतात का, केसपेपर कोण तपासतं, हे त्यांनाच विचारा.