तटावरील लोकांच्या भाषेत
शास्त्रपाठ : २ राजे १८:१३ ते १९:३७

धुळे व जळगाव ह्या जिल्ह्यांतील खेड्यांत मंडळ्यांच्या भेटीस आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. पाऊस लांबला, कपाशीवर बोंडअळी पडली, किंवा घरात कोणी दगावले, म्हणजे भाऊबंद विचारतात, "तुमना देव कोठे शे?" हा प्रश्न परक्या भाषेत असता तर इतका बोचला नसता. तो आपल्याच अहिराणीत, आपल्याच ओसरीवर, आपल्याच चुलत्याच्या तोंडून येतो.

इ. स. पूर्वी ७०१ ह्या वर्षी अश्शूरचा राजा सन्हेरीब ह्याने यहूदावर स्वारी केली व आपला सरदार रब-शाके ह्यास यरुशलेमेकडे पाठविले. हिज्कीया राजाकडून एल्याकीम, शेबना चिटणीस व यवाह अखबारनवीस हे तिघे त्यास भेटावयास गेले. त्यांनी विनंती केली की, आपण अरामी भाषेत बोलावे, तटावरील लोकांच्या भाषेत बोलू नये. तेव्हा रब-शाक्याने मुद्दाम आवाज चढविला व लोकांच्याच भाषेत निंदा केली. उपदेशक बंधूंनी हा भाग सावकाश वाचून दाखवावा. आपल्या लोकांस तो लगेच कळतो. फार समजावून सांगावे लागत नाही.

रब-शाक्याचे सर्वच बोलणे खोटे नव्हते, हेही पाहावे. मिसराचा आधार पोकळ आहे, असे तो म्हणाला. ते खरे होते. तुमच्यापाशी स्वार असतील तर मी दोन हजार घोडे देतो, अशी त्याने थट्टा केली. स्वार खरोखरच नव्हते. शिवाय हिज्कीयाने पूर्वी भयाने मंदिराच्या दारांचे सोने काढून सन्हेरिबास खंडणीत दिले होते. निंदक आपल्यातील उणे हुडकून काढतो व त्यातच आपले खोटे मिसळतो. आम्हांस वाटते, निंदेचे उत्तर देण्याची घाई आपल्याला होते ती पुष्कळदा ह्याच कारणाने. उणे झाकावयाचे असते.

राजाची आज्ञा होती की त्यास उत्तर देऊ नये, आणि लोक उगेच राहिले. पुढे सन्हेरिबाचे पत्र आले, तेव्हा हिज्कीयाने ते वाचले, मंदिरात नेले व परमेश्वरापुढे पसरून ठेवले. पत्रातील एकही शब्द त्याने गाळला नाही. अश्शूरच्या राजांनी इतर राष्ट्रे खरोखर उजाड केली, हेही त्याने प्रार्थनेत कबूल केले.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंची अशीच परीक्षा झाली. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व १८९० साली ते पुण्यास नेले. विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, ह्यावरून गहजब झाला. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर ह्यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाजूला झाले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी आपली श्रद्धा लपविली नाही व काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व तेथून उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. आपले आईबाप व बहीण त्यांनी पूर्वीच्या दुष्काळातच गमावली होती. उपास म्हणजे काय हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. आणि पुढे, १९२१ साली, एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या आधी गेली.

यरुशलेम वाचले. परंतु सन्हेरिबाच्या स्वतःच्या लेखात यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे कोरले आहे. लाखीशच्या वेढ्याची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. लाखिशातही परमेश्वराचा धावा करणारे असतीलच. हा पाठ शिकविताना लाखीश गाळू नये. गाळले तर ज्याच्या घरी सुटका झाली नाही, तो आपल्यालाच दोषी समजेल. प्रभू येशूलाही वधस्तंभाखाली लोकांनी हेच ऐकविले की, ह्याचा देवावर भरवसा आहे, तर देव ह्यास सोडवो (मत्तय २७:४३). आणि त्या दिवशी तो खाली उतरला नाही.

गेल्या पावसाळ्यात धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात एका बंधूचे तान्हे मूल तापाने गेले. मातीस आलेल्या भाऊबंदांनी तोच प्रश्न विचारला. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो ते ईयोबाच्या पुस्तकातील उत्तरे मनात जुळवूनच, आणि दारातच बोलू लागलो. ती माऊली आमच्याकडे पाहीना. मग आम्हांस आमची लाज वाटली व आम्ही खाली बसलो. बऱ्याच वेळाने आम्ही त्या बंधूस म्हणालो, "दादा, लोक जे बोलले ते देवाला सांगा. जसे बोलले तसेच सांगा." त्याने डोळे मिटले व अहिराणीत ते सर्व, चुलत्याच्या शब्दांसकट, देवाला सांगितले. तो प्रश्नही त्याने विचारला. पुढे त्याला बोलवेना, आणि आमेनही कोणी म्हटले नाही. थोड्या वेळाने त्याची बायको उठली व तिने आम्हां सर्वांसाठी चुलीवर चहाचे आधण ठेवले.