गाडीचा पत्रा कुजला तर?

सातारा-सांगलीकडे जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. कुणाची वडापाची जीप, कुणाची मारुती आठशे. एखाद्या घरी आजोबांच्या वेळची पद्मिनी. इंजिन अजून चालतं, पण पत्रा कुजतो. आणि पाय टेकायचा पत्राच कुजला तर? त्याच्या खालूनच ब्रेकची नळी जाते. तीही लोखंडी. पत्रा गेला तिथं नळीही तपासायला हवी. ब्रेक गेला तर रंग काय कामाचा?

गंज कशानं चढतो? लोखंडाला हवा आणि ओल दोन्ही मिळाली की गंज धरतो. रंग शाबूत असेल तोवर ओल आत जात नाही. महाबळेश्वर-पाटणकडे पावसाळाभर गाडी कोरडी होत नाही. तिथं गंज लवकर चढतो. सांगलीची तऱ्हा निराळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरलं, गाड्या वरून धुतल्या, चकाचक दिसल्या. पण दारांच्या पोटात आणि उंबऱ्याच्या पोकळीत गाळ राहिला. ओला गाळ आतून पत्रा खातो. तेव्हा पुरातली गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नका. आधी पायाखालचं मॅट उचलून बघा.

गंज पुष्कळदा रंगाखाली लपलेला असतो. काही विकणारे भोकात लांबी भरतात आणि वर रंग मारतात. हे ओळखायचं कसं? एक लहान चुंबक फडक्यात गुंडाळा आणि गाडीवरून फिरवा. पत्र्यावर तो घट्ट बसतो. जाड लांबीवर बसतच नाही. दार उघडून जरा वर उचलून बघा. दार खाली लोंबत असेल तर बिजागरी झिजली असेल, नाहीतर खालचा उंबरा कुजला असेल.

आता पत्रा बदलायचा. इथं जीप आणि मोटार यांत मोठा फरक आहे. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जुन्या घडणीच्या जीपला खाली वेगळी चौकट असते आणि वरचे पत्रे बहुतेक सपाट असतात. २० गेजचा, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहून जाड पत्रा घेऊन गावचा हुशार मिस्त्री तो वाकवून देतो. पद्मिनी किंवा मारुतीचं तसं नाही. तिथं वेगळी चौकट नाही, पत्र्यांचा सांगाडाच सगळा भार सोसतो. शिवाय मडगार्डची गोलाई कारखान्यात साच्यावर दाबून आलेली असते. ती हातोडीनं हुबेहूब येत नाही. तिथं तयार भागच शोधावा लागतो.

मारुती आठशे २०१४ साली बंद झाली. पण ती गाडी अफाट खपलेली, त्यामुळं तिचे भाग अजून मिळतात. पद्मिनीचं अवघड आहे. मुंबईला कुर्ल्यात तिचा कारखाना होता. गाडी बंद होऊन वीस वर्षं उलटली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. आता भाग मिळतो तो मोडीत निघालेल्या गाडीचा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्यात जुन्या सामानाची दुकानं आहेत. जाताना जुना भाग बरोबर न्या. तो अवजड असेल तर पुठ्ठ्यावर त्याचा आकार कापून न्या. डावा की उजवा, गाडी कुठल्या सालची, हे कागदावर लिहून ठेवा. आमच्या मते चांगल्या स्थितीतला कंपनीचा जुना भाग बाजारातल्या पातळ नव्या भागापेक्षा बरा. तो नीट बसतो.

पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचा भाग गळ्यात पडला तर पोलिसांना काय दाखवाल? दुसरी गोष्ट. गाडीचा चॅसी नंबर जिथं ठोकलेला आहे तो पत्रा कुणालाही कापू देऊ नका. गाडीची ओळख त्या नंबरावर असते. सातारा, कराड, सांगली, कुठल्याही आर.टी.ओ. कचेरीत तो आधी बघतात. १५ वर्षांनी नोंदणी नवी करायची असते, तेव्हा तर बघतातच. गाडीचा रंग बदलणार असाल तर तेही कचेरीला कळवावं लागतं.

काम चालू असताना जवळ थांबा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडायला लावा. पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवून लांब ठेवा. वाळूची बादली हाताशी असू द्या. उंबरा कापायचा असेल तर आधी गाडीला खालून नीट टेकू द्यावा लागतो, नाहीतर सांगाडा वाकतो आणि पुढं दार लागत नाही. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. गंजावर नवा पत्रा डकवणारा मिस्त्री स्वस्त पडतो खरा, पण एका पावसाळ्यापुरता.

टाके मारून झाले की सांध्याला रेड ऑक्साइड लावून घ्या, मग रंग. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेली आहेत. काही कारागीर ती लांबीनं बुजवून टाकतात. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून ती भोकं मोजून घ्या.