अनेक गावांची पाहणी : तुलनेने की सहभागाने?

एकच योजना पाच-सहा गावांत राबविल्यावर तिचे फळ कोठे कसे आले, याचा अहवाल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांस द्यावा लागतो. पाहणीची रीत चुकली, तर चांगले काम करणाऱ्या गावासही नापासाचा शेरा बसतो.

पाहणीच्या दोन रीती प्रचलित आहेत. तौलनिक रीतीत सर्व गावांस एकच प्रश्नावली व एकच माप लावून फरक शोधतात. सहभागी रीतीत काय मोजावे हे गावकरी ठरवितात व कारणेही तेच सांगतात.

मुंबई उपनगरातील चारकोपचे उदाहरण शहरी असले तरी बोधक आहे. तेथे १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने लहान भूखंड व नागरी सोयी देण्यात आल्या. सुमारे ३५ भूखंडांचा एक गट, मध्ये सामाईक अंगण व गटाची सहकारी संस्था अशी रचना होती. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावयाचे. आराखडा एक आणि संस्था अनेक, असे तुलनेस सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळते. अशा योजना एके काळी फसल्या असे मानले गेले. मुंबई व चेन्नई येथील अशा वसाहतींच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरपाहणीत मात्र त्या यशस्वी ठरल्या. म्हणजे मोजणी केव्हा केली, यावरही निकाल ठरतो. तथापि एक अंगण मोकळे राहिले व दुसरे अडविले गेले, तर त्याचे कारण तेथील रहिवाशांसच विचारावे लागेल.

आता शेतीकडे वळू. राज्याच्या आदर्श गाव योजनेत, जी १९९२ मध्ये सुरू झाली, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही सूत्रे गावाने पाळावयाची असतात. ती मान्य करणारे गाव बहुधा आधीच एकजुटीचे असते. अशा गावातील विहिरींची पातळी शेजारगावाशी ताडून पाहिली, तर वाढलेले पाणी समतल चरांचे की एकीचे, हे आकड्यांवरून उमगत नाही. उलट, प्रत्येक गावाने आपापले माप निवडले, तर तुलना करावयास काही उरतच नाही.

म्हणून तीन-चार मापे सर्वत्र समान ठेवावीत : ठरलेल्या विहिरींतील पाण्याची खोली, पर्जन्यमान, रब्बीचे क्षेत्र, चाऱ्याची उपलब्धता. मोजणी सर्व गावांत एकाच आठवड्यात व्हावी. बाकीचे प्रश्न गावावर सोपवावेत. जमिनीवर रांगोळीने शिवाराचा नकाशा काढून घ्यावा. पाणी प्रथम कोठे आटते हे त्यावर स्त्रिया अचूक दाखवितात. मोठ्या बागायतदाराच्या ओसरीवर भरलेली बैठक म्हणजे सहभाग नव्हे. भूमिहीन व मेंढपाळ यांस वेगळे भेटावे. चराईबंदीचा भार कोणावर पडला, हे तेथेच कळते.

शक्य असल्यास एका गावच्या शेतकऱ्यांस दुसऱ्या गावच्या शिवारफेरीस न्यावे. बांध पाहून शेतकरी शेतकऱ्यास जे प्रश्न विचारतो, ते आपल्या प्रश्नावलीत सहसा नसतात. अहवाल धाडण्यापूर्वी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि हरकती आल्यास त्या गावकऱ्यांच्याच शब्दांत सोबत जोडाव्यात.